दंड पोलिसांचा, जागा महापालिकेची. मग पार्किंगचा प्रश्न सोडवायचा कोणी?

संध्याकाळी सहानंतर पैठण गेटकडून गुलमंडीच्या दिशेने निघा. दुकानांसमोर दुचाकींची एक रांग असते. त्या रांगेला खेटून दुसरी रांग लागते. त्यापलीकडे हातगाड्या, मग प्रवासी शोधणाऱ्या रिक्षा आणि उरलेल्या फटीतून दोन्ही बाजूंची वाहतूक. पायी चालणारा माणूस यात कुठे बसतो, याचे उत्तर कुणाकडेच नाही. तेवढ्यात वाहतूक शाखेची टोइंग गाडी येते. भोंग्यावरून सूचना होते, पळापळ होते, चार-सहा दुचाकी उचलल्या जातात आणि गाडी पुढे जाते. दहा मिनिटांत त्याच जागी नव्या दुचाकी उभ्या राहतात.

निराला बाजार, औरंगपुरा, टिळकपथ, सिटी चौक, कॅनॉट प्लेस, उस्मानपुरा. छत्रपती संभाजीनगरमध्ये जागा बदलते, चित्र तेच राहते. दर काही महिन्यांनी कारवाईची मोहीम निघते, इतक्या वाहनांवर कारवाई आणि इतका दंड अशी आकडेवारी येते आणि आपण ती बातमी करतो. रस्ता मोकळा झाला का, हे मात्र त्या आकडेवारीत नसते.

या लेखाचा मुद्दा सरळ आहे. या शहरात पार्किंगचा प्रश्न पोलिसांच्या गळ्यात बांधलेला आहे, पण तो सोडवण्याची साधने पोलिसांच्या हातात नाहीत. पोलीस दंड करू शकतात, गाडी उचलू शकतात. जागा निर्माण करणे, पट्टे मारणे, इमारतीचे तळघर मोकळे करून घेणे ही कामे दुसऱ्यांची आहेत. ती होत नाहीत तोपर्यंत दंड हा नियम न राहता लॉटरी होतो. आधी कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ.

नो पार्किंगचा दंड नेमका किती आणि कशासाठी?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या रकमा वाढल्या. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. चुकीच्या जागी गाडी लावल्यास बहुतेक वेळा कलम १७७ लागते. हे सर्वसाधारण नियमभंगाचे कलम आहे. पहिल्या वेळी ५०० रुपये, त्यानंतर पुन्हा तोच प्रकार केल्यास १,५०० रुपये. आधी हाच दंड २०० रुपये होता.

रस्त्यावर भरतो ती रक्कम तांत्रिक भाषेत तडजोड शुल्क असते. म्हणजे तुम्ही चूक मान्य करता, पैसे भरता आणि प्रकरण न्यायालयात न जाता मिटते. तुम्हाला चलान मान्य नसेल, तर न्यायालयासमोर बाजू मांडण्याचा तुमचा हक्क कायम असतो. थकलेल्या चलानांच्या नोटिसा राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी मोबाइलवर येतात, त्या याच साखळीचा भाग आहेत.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हा दंड राज्याच्या तिजोरीत जातो. निराला बाजारात भरलेल्या ५०० रुपयांतून निराला बाजारात पांढरा पट्टा मारला जाईल, अशी कोणतीही व्यवस्था नाही. 'पे अँड पार्क'चे पैसे वेगळे. ते महापालिकेच्या किंवा तिने नेमलेल्या यंत्रणेच्या खात्यात जातात. दंड एका खिशात, शुल्क दुसऱ्या खिशात आणि रस्ता दोन्हींच्या मधे.

फलक नसेल तर दंड करता येतो का?

यावरून चौकाचौकात वाद होतात. उत्तर आहे: काही ठिकाणी येतो, काही ठिकाणी तो न्याय्य ठरत नाही.

फलक असो वा नसो, काही जागी गाडी लावणे मुळातच नियमबाह्य आहे. चौकाच्या तोंडाशी, वळणावर, पदपथावर, झेब्रा क्रॉसिंगजवळ, बसथांब्यासमोर, शाळा-रुग्णालयाच्या प्रवेशद्वारात, आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी रांग करून. इथे 'बोर्ड कुठे आहे?' हा प्रश्न चालत नाही. पदपथाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की, पादचाऱ्यांना वापरता येण्याजोगे पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

बाकी रस्त्यांचे काय? तिथे 'नो पार्किंग' हे कुणीतरी अधिकृतपणे ठरवावे लागते. पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३३ आणि मोटार वाहन कायद्याच्या आधारे अधिसूचना काढतात. गाड्या कुठे उभ्या करता येतील, त्या जागा ठरवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे. त्यात स्थानिक संस्थेशी, म्हणजे आपल्याकडे महापालिकेशी, सल्लामसलत करण्याची अट आहे.

म्हणजे कायद्याची कल्पना अशी आहे की, 'इथे लावू नका' आणि 'इथे लावा' या दोन सूचना सोबत याव्यात. आपल्या शहरात पहिली सूचना भरपूर मिळते. दुसरी शोधावी लागते.

गाडी उचलण्याचा अधिकार कुणाला?

कलम १२७ नुसार, पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा सार्वजनिक जागेत दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी हटवता येते किंवा तिला जॅमर लावता येतो. त्यासाठी त्या हद्दीतील, गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने परवानगी द्यावी लागते. वाहतुकीला धोका किंवा अडथळा होत असेल, तर ती तातडीने हटवता येते. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा आणि तो दंडाव्यतिरिक्त असतो.

यातले महत्त्वाचे शब्द आहेत 'गणवेशातील पोलीस अधिकारी'. टोइंगवरची मुले कंत्राटदाराची असू शकतात, पण कोणती गाडी उचलायची हा निर्णय त्यांचा नाही. गाडीवर पोलीस नसेल, तर तसे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी बाब सगळ्यांना दिसते, पण बोलली जात नाही. टोइंगचा मारा दुचाकीवर जास्त होतो. कारण सोपे आहे. दुचाकी दोन माणसे उचलतात, एका फेरीत पाच-सहा नेता येतात. चारचाकीला वेगळी क्रेन लागते, वेळ लागतो आणि बऱ्याचदा मालकाचा फोनही येतो. पण रस्ता कोण जास्त अडवतो? एका कारची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला सुमारे दोन चौरस मीटर पुरतात. एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात. जेवण पोहोचवणाऱ्या पोराच्या दुचाकीवर ५०० रुपये आणि वर टोइंगचा खर्च लागला, तर त्याची दिवसाची कमाई त्यातच संपते. त्याच दुकानासमोर तासभर उभी असलेली कार मात्र सुटते. नियम तोच, पण त्याचे वजन सगळ्यांवर सारखे पडत नाही.

मग कॅमेरे आहेत ना?

आहेत. स्मार्ट सिटी योजनेतून शहरभर सुमारे ७०० सीसीटीव्ही कॅमेरे बसवले गेले आणि त्यांचे चित्र पोलीस आयुक्तालयातील नियंत्रण कक्षात दिसते. माणसाच्या मर्जीपेक्षा यंत्राने कारवाई करावी, हा विचार चांगलाच आहे. कॅमेरा दुचाकी आणि चारचाकीत फरक करत नाही, ओळखही विचारत नाही.

त्यासाठीही नियम आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आणला. कॅमेऱ्याला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. अशा यंत्राने देखरेख होत असल्याचा फलक रस्त्यावर हवा. चलानासोबत पुरावा म्हणून फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण हवे. नियमभंग झाल्यापासून १५ दिवसांत नोटीस पोहोचली पाहिजे. अनधिकृत जागी पार्किंग हा प्रकारही या नियमात येतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांना या यंत्रणेची अंमलबजावणी करायला सांगितले आहे.

वाहतूक पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलान करण्याच्या पद्धतीविरुद्ध राज्यभर तक्रारी झाल्या. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने ही पद्धत बंद करण्याचे आदेश दिले. तुमच्या मोबाइलवर चलान आले, तर आधी फोटो, तारीख आणि ठिकाण बघा. फोटोत नो पार्किंगचा फलक दिसतो की नाही, तेही बघा.

पण कॅमेऱ्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. तो सिग्नल तोडणारा पकडू शकतो, कारण तिथे थांबण्याची पांढरी रेषा असते. पार्किंगसाठी जमिनीवर रेषाच नसेल, तर कॅमेरा काय मोजणार? अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात की, मोजमापाआधी संदर्भबिंदू ठरवावा लागतो. आपण ७०० कॅमेरे लावले, पण संदर्भबिंदू म्हणजे रंगाचा डबा कुठेतरी राहून गेला.

पोलिसांच्या हातात काय नाही?

रस्ता रुंद करणे, पदपथ बांधणे, पट्टे मारणे, वाहनतळ उभारणे, इमारतीचा नकाशा मंजूर करणे, फेरीवाल्यांना जागा ठरवून देणे ही सगळी कामे महापालिकेची आहेत. सिग्नल बसवणे आणि दुरुस्त करणे हेही. छावणीत छावणी परिषद, वाळूजमध्ये एमआयडीसी, मोठ्या रस्त्यांवर सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग यंत्रणा असे आणखी धनी आहेत. पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा मात्र या सगळ्यांच्या हद्दीत उभी असते.

त्यामुळे होते असे की, बाकीच्यांनी न केलेल्या कामाचा हिशोब चौकातल्या हवालदाराकडे मागितला जातो. त्याच्याकडे एक ई-चलान यंत्र असते आणि वरून आकड्यांची अपेक्षा असते. जे यंत्र हातात आहे, ते तो चालवतो. यात त्याचा दोष काढणे सोपे आहे. आपल्याला खड्ड्याबद्दल अभियंता भेटत नाही, बेसमेंटबद्दल नगररचना विभाग भेटत नाही. भेटतो तो फक्त पोलीस.

कोंडीचा खर्च मात्र खरा आहे. घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. जालना रोडवर उड्डाणपुलांमुळे मिळालेले मिनिट जुन्या शहराकडे वळताच एका आडव्या लावलेल्या कारमागे जाते. रुग्णवाहिकेच्या मागे अडकलेल्या प्रत्येकाला वाटते की पोलीस कुठे आहेत. तिथे आधी कोणती जागा मोकळी ठेवायची होती आणि ती कुणी भरली, हा प्रश्न त्या क्षणी सुचत नाही.

जागा खरंच नाही का?

'जुनं शहर आहे, दरवाजांचं शहर आहे, रस्ते कुठून आणणार?' हे आपले नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेल्या खडकीचा आराखडा कारसाठी केलेला नव्हता, हे मान्य. पण कोंडी फक्त तटबंदीच्या आत नाही. सिडकोने आखलेल्या कॅनॉट प्लेसमध्ये आहे. उस्मानपुऱ्यात, टीव्ही सेंटरला आहे. हे भाग आखून वसवलेले आहेत.

तिथे जागा आहे, पण ती इमारतींच्या पोटात अडकली आहे. प्रत्येक व्यापारी इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंग दाखवावेच लागते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत कोणत्या वापरासाठी किती कार आणि किती दुचाकींची जागा सोडायची, याचे तक्ते आहेत. त्याआधीच्या नियमांतही अशा अटी होत्या. शिवाय पार्किंगचे क्षेत्र चटईक्षेत्रात धरले जात नाही. म्हणजे बांधणाऱ्याला ती जागा सवलत म्हणून मिळते. आता बाजारातल्या इमारतींच्या तळघरात डोकावून बघा. कुठे गोदाम आहे, कुठे दुकान, कुठे क्लास, कुठे जिम. वाहनतळ म्हणून मंजूर झालेली जागा भाड्याने गेली की तिथल्या गाड्या रस्त्यावर येतात.

हिशोब मांडून पाहा. तळघर भाड्याने देणाऱ्याला दर महिन्याला पैसे मिळतात. त्या इमारतीत आलेल्या ग्राहकाला ५०० रुपयांचे चलान मिळते. नियम दोघांनी मोडला, पण दंड फक्त एकाला. आणि ज्याचा नियमभंग कायमचा आहे तोच सुटतो.

२०२५ च्या पावसाळ्यात महापालिकेने जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड अशा रस्त्यांवर रुंदीकरणासाठी मोठ्या प्रमाणावर बांधकामे पाडली. त्या मोहिमेबद्दल मते वेगवेगळी असतील. लोकांची घरे-दुकाने गेली, त्यांचे प्रश्न अजून बाकी आहेत. पण ठरवले तर महापालिकेची यंत्रणा काय करू शकते, हे त्यातून दिसले. तळघर मोकळे करायला बुलडोझरही लागत नाही. मंजूर नकाशा काढायचा, जागेवर जायचे आणि नोटीस द्यायची. रुंद केलेला रस्ता जर उद्या वाहनतळच होणार असेल, तर तो रुंद कशासाठी केला?

व्यापाऱ्यांचा विरोध का असतो?

पार्किंगला शुल्क म्हटले की बाजार बंदची भाषा सुरू होते. कॅनॉट, निराला बाजार अशा ठिकाणी महापालिका आणि स्मार्ट सिटीने 'पे अँड पार्क'चे प्रयोग केले, तेव्हाही नाराजी होती. व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही. ग्राहक दहा रुपयांसाठी मॉलकडे किंवा मोबाइलवरच्या ऑर्डरकडे वळेल, असे त्यांना वाटते. पण एक गणित त्यांनीही करून बघावे.

समजा एका रस्त्यावर ४० दुकाने आहेत. प्रत्येक दुकानाचे मालक आणि कामगार मिळून दोन दुचाकी सकाळी दहाला समोर लावतात आणि रात्री दहाला काढतात. म्हणजे पहिला ग्राहक येण्याआधीच ८० जागा भरल्या. त्याच ८० जागा अर्ध्या-अर्ध्या तासासाठी ग्राहकांना मिळाल्या, तर बारा तासांत एका जागेवर जास्तीत जास्त २४ गाड्या उभ्या राहू शकतात. ८० गुणिले २४ म्हणजे १,९२०. प्रत्यक्षात निम्म्याच वेळा जागा भरली असे धरा, तरी ९६० ग्राहक. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली स्वतःची दुचाकी ही त्या दुकानाची सर्वात महाग गोष्ट असू शकते.

म्हणून शुल्काचा उद्देश पैसे गोळा करणे हा नसावा. जागा फिरती ठेवणे हा असावा. पहिला अर्धा तास मोफत किंवा नाममात्र, त्यानंतर तासागणिक वाढत जाणारा दर. औषध घ्यायला थांबलेल्याला त्रास नाही आणि दिवसभर जागा अडवणाऱ्याला ती परवडत नाही. मालक-कामगारांसाठी थोडे लांब, मासिक पासवर वाहनतळ द्यायचा.

इतर शहरांनी काय केले?

मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना ५ हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंड जाहीर केला. रकमेवर टीका झाली, ती योग्यही होती. पण त्यातला एक विचार घेण्यासारखा आहे: आधी वाहनतळ, मग त्याच्या आसपास कडक दंड. जिथे जवळ पर्याय आहे, तिथेच कारवाई तीव्र.

पुण्यात मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झाले. विरोध इतका झाला की ते मोजक्या पाच रस्त्यांपुरते मर्यादित करावे लागले. धडा असा की, एकाच वेळी संपूर्ण शहरावर शुल्क लादले तर ते कागदावरच राहते.

बंगळुरूत टोइंग कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल तक्रारी वाढल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये टोइंगच थांबवावे लागले. कारवाईवरचा विश्वास गेला की चांगले हत्यारही हातातून जाते.

जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी घेण्याआधी ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. मे २०२५ मध्ये आपले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी नव्या कारच्या नोंदणीसाठी असाच दाखला आणण्याची घोषणा केली. कल्पना चांगली आहे. पण मंजूर नकाशातले पार्किंग गोदाम झालेले ज्या शहरात कुणी तपासत नाही, तिथे कारचा दाखला कोण तपासणार? आधी आहे ते कागद खरे करा, नवे नंतर मागा.

'लोकांनाच शिस्त नाही' हे खरे नाही का?

काही अंशी आहे. दुकानाच्या दारातच गाडी हवी, पन्नास पावले चालायचे नाही, ही सवय आपली आहे. पदपथावर दुचाकी चढवणारा आणि चौकात कार सोडून पान खायला जाणारा, यांना दंड झालाच पाहिजे. त्यात पोलिसांनी हयगय करू नये आणि कुणाचा फोन आला म्हणून पावती थांबू नये.

पण तेच लोक जिथे आखलेली जागा दिसते, तिथे सहसा ओळीने गाडी लावतात. रुग्णालयाच्या आवारात, मॉलच्या तळघरात, मंदिराबाहेरच्या मैदानात शिट्टी वाजवणारा एक माणूस आणि चुन्याची एक रेघ पुरते. माणूस तोच असतो, जागेने सांगितलेली गोष्ट वेगळी असते. शिस्त मागण्याआधी ती पाळता येईल अशी व्यवस्था द्यावी लागते.

सार्वजनिक वाहतुकीचाही इथे संबंध आहे. २०१९ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी बस सुरू झाली, १०० बसचा ताफा आला. १२ लाखांच्या आसपास लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच होती. शहर त्यानंतर किती वाढले, ते सगळे बघत आहेत. बसथांब्यासमोर रिक्षा आणि कार उभ्या असतील, तर बस रस्त्याच्या मधोमध थांबते. मग बसमुळे कोंडी होते, असेही आपणच म्हणतो.

तर मग काय व्हावे?

सगळे शहर एका दिवसात बदला, अशी मागणी नाही. एक पट्टा निवडा. पैठण गेट ते गुलमंडी घ्या किंवा निराला बाजार ते औरंगपुरा. त्या एका पट्ट्यात काम या क्रमाने करा.

पहिले, त्या रस्त्यावरील प्रत्येक व्यापारी इमारतीचे मंजूर पार्किंग आणि प्रत्यक्ष स्थिती यांची यादी महापालिकेने संकेतस्थळावर टाकावी. मुदत देऊन तळघरे मोकळी करावीत.

दुसरे, उरलेल्या रस्त्यावर रंगाने आखणी व्हावी. दुचाकी कुठे, कार कुठे, रिक्षा कुठे, हातगाडी कुठे, माल उतरवण्याची वेळ कोणती आणि रुग्णवाहिका व बससाठी कोणती पट्टी कायम मोकळी.

तिसरे, त्यानंतर पोलीस आयुक्तांनी अधिसूचना काढावी आणि तिचा नकाशा मोबाइलवर सहज उघडेल असा द्यावा. आज अधिसूचना निघते, पण ती गाडी लावणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

चौथे, मग कारवाई. रोज, ठरलेल्या वेळी, दुचाकी आणि चारचाकीला सारखी. उचलण्याआधी फोटो, गाडीवर गणवेशातील पोलीस आणि उचललेली गाडी कुठे नेली याचा मालकाला लगेच संदेश.

पाचवे, यशाचे माप बदला. किती चलान झाले, हा आकडा वाढतोय याचा अर्थ व्यवस्था चुकते आहे. त्याऐवजी संध्याकाळी सात वाजता तो पट्टा पार करायला बसला किती मिनिटे लागतात, ते दर महिन्याला जाहीर करा. दंड कमी आणि मिनिटेही कमी झाली, तर काम झाले असे समजावे.

महापालिकेवर एप्रिल २०२० पासून साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. त्या काळात प्रभागातला माणूस कुणाला विचारणार, हा प्रश्न होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता विचारायला नगरसेवक आहेत. गटाराचे झाकण आणि पाण्याचे टँकर यांच्यासोबत हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायला हवा: आमच्या रस्त्यावरची कोणती तळघरे पार्किंगसाठी मंजूर आहेत आणि तिथे आज काय चालते?

पुढच्या वेळी एमएच २० च्या गाडीवर चलान आले, तर नियम मोडला असल्यास ते भरा. पण भरल्यावर महापालिकेकडे एक लेखी प्रश्न पाठवा की, त्या ठिकाणी गाडी लावण्यासाठी अधिकृत जागा कोणती होती. पोलिसांना दंडाचे आकडे द्यावे लागतात. महापालिकेलाही जागांचे आकडे द्यावे लागले, तर टोइंग गाडी गेल्यावर दहा मिनिटांत पुन्हा भरणारी ती दुसरी रांग कमी होऊ लागेल.